डझनभर लोकांची भीड

प्रोग्रामिंगच्या भाषा घडवणाऱ्या माणसांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'आता पुढे काय?' सगळ्यात वाया जाणारा प्रश्नही तोच. व्यासपीठावर विचारा, पॉडकास्टवर विचारा, नाहीतर दोन सत्रांच्या मधल्या वेळात एकटं गाठून विचारा. उत्तर सभ्य आणि गुळगुळीत येतं, दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. यात त्यांचा दोष नाही. ज्याला या धंद्यातलं खरंच कळतं, त्याला इथली भाकितं किती टिकतात हेही कळतं.

मी या मंडळींच्या नादाला बरीच वर्षं लागलेलो आहे. काहींशी कामाच्या निमित्तानं समोरासमोर बोलणं झालं, काहींच्या लांबलचक मुलाखती पुन्हा पुन्हा ऐकल्या, काहींची जुनी भाषणं नि टिपणं शोधून वाचली. (मुलाखत ऐकणं हाही संवादच. आपल्याला मध्ये तोंड घालता येत नाही एवढंच, आणि ते बरंच आहे.) या सगळ्यात मला एक प्रश्न सापडला, जो सहसा फुकट जात नाही: 'बदलायचं होतं पण बदलता आलं नाही, असं काय राहून गेलं?' हे विचारलं की माणूस सावरून बसतो. तोवर पाठ केल्यासारखं बोलणारा आता थांबत थांबत बोलायला लागतो.

स्टुअर्ट फेल्डमन यांचंच बघा. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी 'मेक' नावाचं साधन लिहिलं. कुठली फाइल बदलली आणि त्यामुळे कुठल्या फाइली पुन्हा कंपाइल करायला (यंत्राच्या भाषेत उतरवायला) लागतील, हे ते ठरवतं. आजही ते जगभर रोज चालतं. त्याच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाहीत. आता पडद्यावर एक टॅब आणि आठ स्पेस हुबेहूब सारखे दिसतात. ओळ रांगेत नीट उभी असते, डोळ्यांना काही खटकत नाही, आणि मेक म्हणतं 'मिसिंग सेपरेटर'. नवखा माणूस त्या ओळीकडे बघत बसतो. अक्षर न् अक्षर तपासतो. एडिटरनं टॅबच्या जागी गुपचूप स्पेस घातलेत, हे त्याच्या गावीही नसतं. याचा उगम फेल्डमन यांनीच पुढे सांगितला आहे. मजकुराचे तुकडे पाडणारं लेक्स हे साधन तेव्हा नवं होतं, हात बसलेला नव्हता, आणि 'ओळीच्या सुरुवातीला टॅब' हा साधा नियम चालला म्हणून ठेवून दिला. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरायला लागले, त्यातले बहुतेक मित्रच. त्यांचं चालू काम कशाला मोडा, म्हणून नियम तसाच राहिला.

भीड पडली ती डझनभर मित्रांची. तिची किंमत जवळपास पन्नास वर्षं जगभरचे प्रोग्रामर मोजताहेत.

सी भाषेचे कर्ते डेनिस रिची यांची गोष्ट याच जातीची, फक्त जास्त बोचरी. एखाद्या संख्येतला ठरावीक बिट (यंत्रातल्या 0-1 अंकांपैकी एक) शून्य आहे का, हे तपासायचंय असं समजा. हात सहज लिहून जातो: आधी संख्या, मग 'अँड'चं (दोन संख्यांचे बिट जुळवून बघण्याचं) एकेरी चिन्ह, मग मास्क (हवा तो बिट निवडणारी संख्या), मग दोनदा बरोबर, मग शून्य. वाचणारा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि समजतो की आधी अँड होईल, मग तुलना. सी उलटं करते. ती आधी 'मास्क शून्याबरोबर आहे का' हे बघते. मास्क शून्य नसतोच, त्यामुळे उत्तर 'नाही', म्हणजे शून्य. मग त्या शून्याचा आणि आपल्या संख्येचा अँड, म्हणजे परत शून्य. अट कधीच खरी ठरत नाही. कोड कंपाइल होतो, चालतो, फक्त त्या अटीखालचा भाग कायमचा मेलेला असतो. हल्ली कंपायलर इशारा तरी देतात.

हे असं का झालं, हे रिची यांनी 1982 मध्ये लिहून ठेवलंय. सीच्या आधीच्या बी भाषेत बिटांचा अँड आणि तर्काचा अँड ('दोन्ही अटी खऱ्या आहेत का') या दोघांना मिळून एकच चिन्ह होतं. सीमध्ये तर्कासाठी जोडचिन्ह वेगळं काढलं, त्याच वेळी एकेरी चिन्हाचा अग्रक्रम (कुठली क्रिया आधी होणार, तो क्रम) तुलनेच्या वर न्यायला हवा होता. पण आधीच्या कोडला धक्का नको म्हणून ते टाळलं. तो आधीचा कोड किती, तर काही शे किलोबाइट. आणि सी बसवलेली ठिकाणं, रिची यांच्याच अंदाजानं, बहुधा तीन. पुढे सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट, सी शार्प यांनी सीचं वळण उचललं आणि हा अग्रक्रमही वारशात आला. पायथन, गो आणि रस्ट यांनी तो सुधारून घेतला.

जावास्क्रिप्टचा पहिला अवतार ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये दहा दिवसांत उभा केला, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यापेक्षा मला त्यातली एक बारीक खोड आवडते. त्या भाषेला 'नल'चा (म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा) प्रकार विचारला तर ती 'ऑब्जेक्ट' असं सांगते. पहिल्या रचनेत प्रत्येक मूल्याच्या शेवटच्या काही बिटांवरून त्याचा प्रकार ठरायचा, ऑब्जेक्टची खूण शून्य होती, आणि नल म्हणजे सगळेच बिट शून्य. बस्स, एवढंच कारण. हे दुरुस्त करायचा प्रस्ताव पुढे आलाही होता. पण तोवर या चुकीवर विसंबलेल्या वेबसाइट इतक्या झाल्या होत्या की चूक हाच नियम धरून चालावं लागलं.

ज्यांनी बदलायचं धाडस केलं त्यांचे हाल वेगळे. पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आली. अक्षरं आणि बाइट यांची सरमिसळ मोडायची होती, आणि ती मोडणं गरजेचंच होतं. पण जुन्या कोडशी नातं तुटलं, आणि पायथन 2 अधिकृतपणे निवृत्त व्हायला 1 जानेवारी 2020 उजाडला. एक भाषा, दोन घरं, मध्ये अकरा वर्षं. त्याच काळात, 2018 च्या जुलैमध्ये, खुद्द पायथनचे कर्ते खिदो फान रोसुम यांनी निर्णयाची सूत्रं खाली ठेवली. कारण काय, तर राशीच्या आत मूल्य साठवू देणारं एक छोटंसं चिन्ह. त्यावरून एवढी भांडणं झाली की एका प्रस्तावासाठी पुन्हा इतकं झगडायची आपली इच्छा नाही, असं त्यांनी लिहिलं. भाषेचा जन्मदाता एका चिन्हापायी थकावा, हे बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. आतल्याला वाटत नाही. मोठ्या तत्त्वांवर सगळ्यांचं एकमत सहज होतं, भांडण नेहमी कीबोर्डवरच्या चिन्हापाशी येऊन पेटतं.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेले आहेत ते ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर. 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत त्यांनी नल रेफरन्स (कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ) आणला. 2009 मधल्या एका व्याख्यानात त्यांनीच त्याला आपली 'अब्ज डॉलरची चूक' म्हटलं. अमलात आणायला सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही, हेही सांगितलं. ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते. त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र कमी ऐकू येते आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

साठच्या दशकात त्यांच्या गटानं अल्गोल 60 चा एक कंपायलर बनवला. अ‍ॅरेच्या (ओळीनं साठवलेल्या मूल्यांच्या यादीच्या) बाहेरच्या जागेला कोड हात लावतोय का, हे प्रत्येक वेळी तपासलं जाईल, अशी त्यात सोय होती. यंत्रं तेव्हा मंद, स्मृती तुटपुंजी, आणि ही तपासणी दोन्ही खाणार. काही वर्षांनी ग्राहकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? ग्राहकांनी एकमुखानं नको म्हणून सांगितलं. प्रत्यक्ष कामात अशा चुका किती होतात आणि त्या वेळीच न सापडल्या तर काय होतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. होअर यांनी हे 1980 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं आणि भाषा रचणारे व वापरणारे अजून हा धडा शिकलेले नाहीत, याची आपल्याला भीती वाटते, असंही बोलून दाखवलं.

आता थेट 2019 मध्ये या. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पथकानं सांगितलं की दरवर्षी ते ज्या सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करतात, त्यांतल्या सुमारे 70 टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात. पुढच्या वर्षी क्रोम ब्राउझरच्या गटानं गंभीर त्रुटींबद्दल जवळपास हाच आकडा दिला. म्हणजे साठच्या दशकातल्या ग्राहकांना जे उमगलं होतं, ते उद्योगाला आकड्यांत दिसायला अर्धं शतक लागलं. मधल्या काळात ज्ञान कुठे हरवलं नव्हतं, छापील भाषणात पडून होतं. फक्त 'पुढे काय' विचारणाऱ्यांना मागचं वाचायला सवड नव्हती.

म्हणूनच 'ट्रेंड' या प्रकाराकडे जाणती माणसं बघतात ती जरा वेगळ्या नजरेनं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा संथ चालतं. वापरात नसलेली मेमरी भाषेनंच गोळा करायची, ही कल्पना (गार्बेज कलेक्शन) जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी 1959 च्या सुमाराला मांडली. सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती ती मोठ्या प्रमाणावर पडली जावामुळे, म्हणजे 1995 नंतर. जावात लॅम्डा (नाव न देता लिहिलेलं फंक्शन) आलं 2014 मध्ये, आणि त्यामागचं गणित अलोन्झो चर्च यांनी 1930 च्या दशकात मांडलेलं. यांच्या मानानं 'असिंक-अवेट'चा (एक काम पुरं होईपर्यंत बाकीची न अडवण्याच्या सोयीचा) प्रवास झपाट्याचा: 2007 मध्ये एफ शार्प, 2012 मध्ये सी शार्प, 2015 मध्ये पायथन, 2017 मध्ये जावास्क्रिप्टचं प्रमाण. दहा वर्षं, आणि याला आम्ही झपाटा म्हणतो! भाषांच्या जगात आज काय नवं येतंय हे पाहायचं असेल तर कुणी न वापरणाऱ्या, विद्यापीठात पडलेल्या भाषा चाळाव्यात, असं मला एकदा एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं. सल्ला चांगला आहे, पण पचायला जड. त्या भाषांचे शोधनिबंध वाचायला बसलं की पहिल्या पानावर ग्रीक अक्षरांची पलटण उभी असते.

मायक्रोसर्व्हिसेसवर, म्हणजे एका मोठ्या प्रणालीचे छोटे स्वतंत्र तुकडे करण्याच्या पद्धतीवर, मी इथे लिहिणार नाही. त्यावर गेल्या दहा वर्षांत इतकं बोललं गेलंय, की ज्यांनी तुकडे केले तेच आता पुन्हा एकत्र करताना दिसतात आणि दोन्ही वेळा टाळ्या पडतात.

खऱ्या जाणत्याची एक खूण मला हळूहळू कळायला लागली. तो कुठल्याही सोयीची किंमत आधी सांगतो. गो भाषा 2009 मध्ये जाहीर झाली तेव्हापासून लोक विचारत होते, जेनेरिक्स (एकच कोड अनेक प्रकारच्या मूल्यांसाठी वापरायची सोय) कधी? त्याच वर्षी गोच्या गटातल्या रस कॉक्स यांनी पेच मांडून ठेवला. प्रोग्रामर मंद हवे, कंपायलर मंद आणि प्रोग्राम फुगलेले हवे, की प्रोग्राम चालायलाच मंद हवेत? तिन्हीपैकी एक तर सोसावं लागणार. जेनेरिक्स प्रत्यक्षात आले 2022 च्या मार्चमध्ये. बारा वर्षं शिव्या खाल्ल्या, पण 'किंमत कळल्याशिवाय घेणार नाही' हे धरून ठेवलं. मला स्वतःला गो फार रुक्ष वाटते. तरी या हट्टाला दाद द्यावीच लागते.

आणि रस्टचे ग्रेडन होअर (टोनी होअर यांचे आडनावबंधू, एवढंच). 2006 मध्ये फावल्या वेळात सुरू केलेली त्यांची भाषा 2015 मध्ये 1.0 झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (त्या प्रणालीच्या गाभ्यात) पोचली. त्यांच्या मूळ आराखड्यात गार्बेज कलेक्टर होता, हलके थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) होते. दोन्ही 1.0 च्या आधीच काढून टाकण्यात आले. तोवर ते स्वतः नेतृत्वातून बाहेर पडले होते. 2023 मध्ये त्यांनी सविस्तर लिहिलं की आपल्या मनातली रस्ट वेगळी होती आणि तिला भवितव्य नव्हतं. आज जी लोकांना आवडते, ती बऱ्याच बाबतींत त्यांच्या मतांविरुद्ध घडलेली आहे. कडवटपणा न आणता हे लिहायला किती मोठं मन लागत असेल! यशस्वी भाषेच्या निर्मात्यानं 'माझं ऐकलं असतंत तर फसला असता' असं म्हटलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

मार्च 2025 मध्ये घडलेली एक घटना मात्र अगदी ताजी आणि शिकवणी लावावी अशी. अँडर्स हायल्सबर्ग यांनी 1983 मध्ये टर्बो पास्कल केलं, पुढे डेल्फाय, मग सी शार्प, मग 2012 मध्ये टाइपस्क्रिप्ट. चाळीस वर्षं भाषाच करत आलेला माणूस. त्यांनी जाहीर केलं की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर आता दुसऱ्या भाषेत उतरवतोय, आणि तो सुमारे दसपट वेगवान होतोय. व्हीएस कोड या एडिटरचा पंधरा लाख ओळींचा कोड तपासायला जिथे 77.8 सेकंद लागायचे, तिथे 7.5. कुठली भाषा निवडली? स्वतःची सी शार्प नव्हे. सगळ्यांची लाडकी रस्टही नव्हे. गो!

लोक चिडले. स्वतःच्या अपत्यावर विश्वास नाही का, इथपासून सुरुवात. हायल्सबर्ग यांचं स्पष्टीकरण मात्र अगदी गद्य होतं. जुना कंपायलर म्हणजे साधी फंक्शन्स आणि एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या गाठींचं जाळं. मेमरी आपोआप गोळा होते, हे त्यात गृहीत धरलेलं. नव्यानं लिहायचा नव्हता, ओळीला ओळ लावून उतरवायचा होता, म्हणजे वागणूक तीच राहील. त्या कोडचा आकार गोमध्ये सहज बसत होता. रस्टमध्ये ते जाळं मोडून नवी रचना करावी लागली असती. सर्वांत चांगली भाषा कुठली, या वादात ते पडलेच नाहीत. हातातला कोड कशा आकाराचा आहे, एवढंच पाहिलं. हे ऐकून माझे तर कान टवकारले. कारण भाषेच्या निवडीवर मी ज्या बैठका पाहिल्या आहेत, त्यांत हातातल्या कोडचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघतो, तोही कुणी निघायच्या घाईत असताना.

आता ज्या विषयावाचून हल्ली कुठलंच बोलणं संपत नाही, तो: कोड लिहिणारी यंत्रं. प्रोग्रामरला कोड सुचवणारा कोपायलट 2021 मध्ये आला, चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपाथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला: कोड वाचायचाच नाही, नुसतं सांगत जायचं. जुनी मंडळी यावर हसतात, पण पूर्वीइतकी मोठ्यानं नाही. साध्या बोलीत प्रोग्राम लिहिता यावेत हे स्वप्न काही कालचं नाही. 1959 मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली तीही इंग्रजीसारखी वाचता यावी, व्यवस्थापकालाही कळावी म्हणून. आणि बोलीभाषेत प्रोग्राम लिहिण्याची कल्पना मूर्खपणाची आहे, असं संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइकस्ट्रा यांनी सत्तरच्या दशकातच लिहून टाकलं होतं. चिन्हांची काटेकोर भाषा हे ओझं नव्हे, ती मोठी सवलत आहे, असं त्यांचं म्हणणं. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थशून्य असू शकतं, आणि चिन्हांच्या काटेकोरपणामुळे असे कित्येक मूर्खपणे दारातच अडतात.

यावर माझ्या ओळखीच्या दोन जाणत्या माणसांचं अजिबात पटत नाही. एक गृहस्थ मोठ्या प्रणालींची रचना करतात. त्यांच्या मते भाषांचा जमाना संपला. यंत्रानं पायथन आणि जावास्क्रिप्ट ढिगानं वाचलंय, त्यातच ते चांगलं लिहितं, मग नवी भाषा शिकणार कोण आणि तिच्यात लिहिणार कोण? नमुन्यादाखल पुरेसा कोडच नसेल तर यंत्रालाही ती नीट यायची नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो.

दुसऱ्या एक बाई आहेत, त्या कंपायलर लिहितात. त्यांचं म्हणणं नेमकं उलट. लिहिणं स्वस्त झालं म्हणजे तपासणं महाग झालं, आणि तपासणं हेच तर भाषेचं काम. प्रकारांची (कुठलं मूल्य पूर्णांक, कुठलं मजकूर याची) कडक शिस्त माणसांना जाचक वाटायची म्हणून लोक ती टाळायचे. यंत्राला जाच वाटत नाही. ते कोड लिहितं, कंपायलर नाही म्हणतो, ते संदेश वाचतं, दुरुस्त करतं, पुन्हा देतं. न कंटाळता. त्यामुळे ज्या भाषेचा कंपायलर नीट कारण देऊन नाही म्हणतो, तिचं पारडं जड होईल. चूक दाखवणारा संदेश कसा लिहावा, यावर त्या अर्धा तास बोलू शकतात. 'इथे पूर्णांक हवा होता, मजकूर मिळाला' हे पुरेसं नाही, हवा होता हे कुणी ठरवलं, ती वरची ओळ दाखवा. शक्य असेल तर दुरुस्तीही सुचवा, पण खात्री असेल तरच, कारण चुकीची सूचना शांत बसण्यापेक्षा वाईट.

मी बाईंच्या बाजूचा आहे. त्या गृहस्थांचं गणित लिहिण्यापाशी संपतं. कोडचं आयुष्य मात्र वाचण्यात जातं, आणि रात्री प्रणाली कोलमडली की तो कुणाला तरी वाचावाच लागतो, लिहिला कुणीही असो. शिवाय 'आता नवी भाषा होणे नाही' हे भाकीत झालं, आणि भाकितांविषयी माझं मत सुरुवातीलाच सांगून झालंय. सध्या त्या आपल्या कंपायलरच्या संदेशांच्या दोन आवृत्त्या करताहेत, एक माणसांसाठी, एक यंत्रांसाठी. यंत्रांसाठीची लवकर उरकली म्हणतात. माणसांसाठीच्या आवृत्तीवर गटात अजून रोज वाद चालू आहेत, आणि ताजा वाद संदेशाच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा की नाही, यावर आहे.